ज्याला आपण रशिया म्हणतो

शास्त्रीजी रशियात वारले, असे आपण सहज बोलून जातो. राकेश शर्मा रशियातून अंतराळात गेले, असेही. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. ११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री गेले ते ताश्कंदला. त्यांच्यासोबत गेलेल्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही होते, त्यामुळे मराठी घरांत ताश्कंद हे नाव जरा जास्तच ओळखीचे. ते शहर आज उझबेकिस्तानची राजधानी आहे. राकेश शर्मा यांचे यान ३ एप्रिल १९८४ रोजी सुटले ते बैकोनूरहून, आणि बैकोनूर कझाकस्तानात आहे. त्या काळी ही दोन्ही ठिकाणे सोव्हिएत संघात होती; पण रशियात ती तेव्हाही नव्हती.

बोलण्यात अशी सरमिसळ चालून जाते. वाचनातही ती चालत आली आहे, आणि तिथे तिचे मोल अधिक मोजावे लागते. एका पिढीच्या कपाटांत प्रगती, रादुगा आणि मीर या प्रकाशनांची पुस्तके होती: स्वस्त, टिकाऊ बांधणीची, सुंदर चित्रांची. मुंबईत ती फोर्टातल्या पीपल्स बुक हाऊसमध्ये मिळत, इथे बंगळूरला नवकर्नाटकच्या दुकानांत. सगळे त्यांना ‘रशियन पुस्तके’ म्हणत. त्यांत टॉलस्टॉय, चेकॉव्ह, गॉर्की होते, तसेच किरगीझ चिंगीझ ऐतमातोव्ह होते, अवार भाषेत लिहिणारे दागेस्तानचे रसूल हमझातोव्ह होते. लेबल मात्र एकच. १९९१ मध्ये संघ कोसळला, पुस्तके यायची थांबली, आणि लेबल मागे राहिले.

हे लेबल एका कादंबरीवरून सोडवता येते का, ते मला पाहायचे आहे. कादंबरी ऐतमातोव्ह यांची. १९८० मध्ये ‘नोवी मीर’ या मॉस्कोच्या मासिकात ती प्रथम छापली गेली, आणि १९८३ मध्ये इंग्रजीत ‘द डे लास्ट्स मोअर दॅन अ हंड्रेड इयर्स’ या नावाने आली. वरवर पाहता ही एका म्हाताऱ्याने आपल्या मित्राला मूठमाती देण्याची गोष्ट आहे. पण एक मोठे राज्य मोडल्यावर त्यातून निघालेल्या देशांनी एकमेकांशी आणि जगाशी कसे वागायचे, हा प्रश्न ती राज्य मोडायच्या अकरा वर्षे आधी विचारते. ती नुसती ‘रशियन कादंबरी’ म्हणून वाचली, तर नेमका हाच प्रश्न आपल्या हातून निसटतो.

आधी वाटणीचे पाहू. राज्य मोडते तेव्हा मालमत्तेची वाटणी होते, आणि ती कागदावर होते. ८ डिसेंबर १९९१ रोजी रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले. २१ डिसेंबरला आल्मा-आता इथे मध्य आशियातली प्रजासत्ताकेही त्यात सामील झाली. २५ तारखेला गोर्बाचेव्ह यांनी पद सोडले. संयुक्त राष्ट्रांतली सोव्हिएत जागा, सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारासकट, रशियाकडे गेली. जगभरातले वकिलातींचे वाडे रशियाकडे गेले. परदेशी कर्जेही रशियाने आपल्या अंगावर घेतली आणि त्या बदल्यात बाहेरची मालमत्ता मागितली. युक्रेनने या व्यवहाराला शेवटपर्यंत मान्यता दिली नाही. युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान यांच्या भूमीवरची अण्वस्त्रे रशियाकडे जायची ठरली, आणि ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मसुद्यात त्याबदल्यात त्यांच्या सीमांची हमी लिहिली गेली. आपल्यापुरते पाहायचे तर, जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीला आले, १९७१ च्या मैत्री कराराच्या जागी नवा करार झाला, आणि भारतावरचे जुने सोव्हिएत कर्ज रशियाला फेडायचे ठरले. किरगिझस्तान वा कझाकस्तान यांचे आपण काही देणे लागतो, असे कोणाच्या मनात आले नाही.

बंगळूरकरांना ही वाटणी फार दूरची वाटू नये. कनकपुरा रस्त्यावर तातगुणीच्या मळ्यात स्वेतोस्लाव रोरिक आणि देविका राणी यांचे घर होते. मुंबईत मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून निघालेली देविका राणी इथे येऊन स्थिरावली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच. १९९० मध्ये रोरिक यांनी आईवडिलांची चित्रे आणि कागदपत्रे मॉस्कोतल्या सोव्हिएत रोरिक निधीला दिली. वर्षभरात ‘सोव्हिएत’ हा शब्दच निकालात निघाला. दान घेणाऱ्याचे नाव उरले नाही, तर दान कोणाचे? १९९२ मध्ये रोरिक यांना बंगळूरमध्ये बसून पुन्हा कागद करावा लागला, की त्या निधीची वारस असलेली अमुक संस्था हीच आपल्या दानाची धनी आहे. जानेवारी १९९३ मध्ये ते वारले. पुढे मॉस्कोत सरकारी संग्रहालय आणि ती संस्था यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०१७ मध्ये संस्थेच्या वाड्याचा ताबा सरकारी संग्रहालयाने घेतला. चित्रांना वारस शोधायला कोर्टकचेऱ्या झाल्या. पुस्तकांसाठी कोणी कोर्टात गेले नाही. ती न बोलता रशियाच्या नावावर चढली, आणि चढवणाऱ्यांत आपणही होतो.

मराठीत या सवयीचे मूळ शोधायचे तर अण्णाभाऊ साठे यांच्यापाशी जावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. १९६१ मध्ये त्यांना सोव्हिएत संघ पाहायला मिळाला, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक ‘माझा रशियाचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध आहे. या नावावर मला टीका करायची नाही. गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी रशिया हा शब्द भूगोलाचा नव्हताच. कामगाराचे राज्य जिथे आहे ती जागा, एवढाच त्याचा अर्थ होता. ज्या शहराचा पोवाडा अण्णाभाऊंनी गायला, त्याचे नावही १९६१ च्याच नोव्हेंबरात बदलून वोल्गोग्राद झाले. म्हणजे शब्द आणि जागा यांची फारकत तेव्हाच सुरू झाली होती.

अण्णाभाऊंचा शब्द त्यांच्या काळात खरा होता. आपण तो काळ उलटल्यावरही तसाच वापरतो, अडचण आहे ती इथे. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मराठी माणसाला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट, मलाही झाला. पण युक्रेनवरच्या स्वारीला तेव्हा सात महिने होत आले होते. स्टालिनग्राड राखणाऱ्या फौजेत युक्रेनी होते, कझाक होते, उझबेक होते. त्या सगळ्यांचा पोवाडा आता एका देशाच्या राजधानीत त्या एका देशाशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून उभा आहे. पुतळ्याचा त्यात दोष नाही. अण्णाभाऊंनी नेमके कोणाला सलाम केला होता, हे विचारण्याचे काम समीक्षेचे होते, आणि ते आपण केलेले नाही.

आता कादंबरीकडे वळू. सारी-ओझेक या कझाक माळरानावर रेल्वेचे एक छोटे फाट्याचे स्टेशन आहे. पाण्याचा टिपूस नाही, उन्हाळ्यात आग आणि हिवाळ्यात बर्फाची वादळे. येदिगेई तिथे जन्मभर राबला. मूळचा तो अरल समुद्रावरचा कोळी. त्याचा म्हातारा मित्र कझनगाप मरतो आणि त्याला आना-बेयीत या जुन्या दफनभूमीत पुरायचे येदिगेई ठरवतो. उंटावर बसून, मागे ट्रॅक्टरवर प्रेत घेऊन, तो दिवसभर प्रवास करतो. कादंबरीचा वर्तमानकाळ एवढाच. बाकी सारे आठवणींत आहे. दफनभूमीपाशी पोचल्यावर कळते की तिच्याभोवती तारेचे कुंपण पडले आहे, कारण शेजारचा अंतराळतळ वाढत वाढत तिथवर आला आहे.

कुंपणाच्या फाटकावर जो अधिकारी येतो तो कझाक आहे. येदिगेईला हायसे वाटते. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत तो बोलू लागतो. अधिकारी त्याला थांबवतो आणि सांगतो की मी कामावर आहे, रशियनमध्ये बोला. माझ्या मते कादंबरीचा मध्य हा आहे. अधिकारी दुष्ट नाही, आवाजही चढवत नाही. फाटकाची भाषा एक आणि घराची भाषा दुसरी, एवढेच तो सांगतो. म्हातारा अडखळत रशियनमध्ये विनंती करतो, आणि ती करत असताना आपण परके झालो हे त्याच्या ध्यानात येते. मेलेल्या मित्राला आपल्या पूर्वजांच्या जमिनीत पुरण्यासाठी परवानगी मागावी लागते, तीही उसन्या शब्दांत. आणि परवानगी मिळत नाही.

‘रशियन कादंबरी’ म्हणून हे वाचले की तो नोकरशाहीवरचा टोमणा वाटतो. गोगोलपासून चालत आलेल्या परंपरेतला आणखी एक. (गोगोलही जन्माने युक्रेनचे, पण ते बाजूला ठेवू.) कझाक माळावरची, किरगीझ माणसाने रशियनमध्ये लिहिलेली कादंबरी म्हणून वाचले की फाटकाचा अर्थ बदलतो. तिथे दोन देश समोरासमोर उभे आहेत, फक्त त्यांची नावे अजून वेगळी झालेली नाहीत.

या प्रसंगाला बळ येते ते मधल्या दंतकथेमुळे. ज्वानज्वान नावाचे टोळीवाले कैद्याचे डोके भादरून त्यावर उंटिणीच्या सडाचे ताजे कातडे घट्ट बसवत आणि त्याला उन्हात टाकत. कातडे आवळत जाई. बहुतेक कैदी मरत. जगला तो ‘मानकुर्त’ होई: नाव, गाव, आईबाप, काही न आठवणारा, म्हणून मालकाला सर्वांत सोयीचा गुलाम. नायमान-आना नावाची आई असा झालेला आपला मुलगा शोधत येते, त्याच्या बापाचे नाव त्याला पुन्हा पुन्हा सांगते, आणि मालकाच्या हुकमावरून तो मुलगाच तिला बाण मारतो. त्या आईच्या नावाची ती दफनभूमी, जिच्याभोवती आता कुंपण आहे. कझनगापचा मुलगा साबितजान शहरात शिकून मोठा झालेला आहे. बापाला कुठे पुरले याचे त्याला काही नाही, लवकर उरकले म्हणजे झाले. त्याच्या डोक्यावर कातडे कोणी बांधलेले दिसत नाही. ‘मानकुर्त’ हा शब्द पुढे मध्य आशियाच्या राजकारणात शिवीसारखा रूढ झाला. कादंबरीतल्या एका शब्दाने नव्या देशांना आपल्या जुन्या मालकाशी बोलायची भाषा दिली, असे फार कमी वेळा घडते.

अबूतालिपचा धागा मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्यावर लिहिले जाते फार कमी. तो शाळामास्तर. युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेला, कैदेतून निसटून युगोस्लाव्हियाच्या छापामार दलांत लढलेला. फाट्याच्या स्टेशनावर राहून तो आपल्या दोन मुलांसाठी आठवणी लिहून ठेवतो. मधल्या काळात स्टालिन आणि टिटो यांचे बिनसते. काल ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो ते युगोस्लाव आज शत्रू ठरतात. १९५३ च्या सुरुवातीला माणसे येतात, वह्या जप्त करतात, अबूतालिपला घेऊन जातात. तो परत येत नाही. दोन राजधान्यांमधला रुसवा हजारो मैलांवरच्या वाळवंटातल्या एका बापाचा जीव घेतो, आणि त्या बापाला आपला गुन्हा काय हेही नीट कळत नाही. परराष्ट्र धोरण सामान्य माणसाच्या दारात कोणत्या रूपाने येते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे पान मी वाचलेले नाही. आज वाचताना त्यात आणखी एक थर दिसतो. तो ज्या देशासाठी लढला तो युगोस्लाव्हियाही मोडला, आणि ज्या देशाने त्याला मारले तोही.

कादंबरीचा तिसरा धागा विज्ञानकथेचा, आणि तो सर्वांत कच्चा आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या संयुक्त मोहिमेतले दोन अंतराळवीर परग्रहावरच्या शहाण्या जीवांना भेटतात. दोन्ही महासत्ता समुद्रात उभ्या केलेल्या एका जहाजावर बसून ठरवतात की या वीरांना परत येऊ द्यायचे नाही, आणि पृथ्वीभोवती क्षेपणास्त्रांचे एक कडे टाकायचे, म्हणजे बाहेरून कोणी येणार नाही. या भागात माणसे नाहीत, फक्त ठराव आहेत. परग्रहाचे वर्णन पोस्टरासारखे आहे. पण हा भाग काढून टाकावा असे मात्र वाटत नाही. पृथ्वीभोवतीचे कडे आणि कैद्याच्या डोक्यावरचे कातडे एकच आहेत, हे लेखकाने सांगितलेले नाही. ते आपण जोडतो. आणि जे कडे टाकण्यासाठी अग्निबाण सुटतात, त्यांच्यासाठीच दफनभूमी कुंपणात गेलेली असते. शेवटी प्रेत कुंपणाबाहेर पुरून येदिगेई एकटा फाटकाकडे परत येतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर अग्निबाण उडतात. माणूस, उंट आणि कुत्रा जिवाच्या आकांताने माळावर पळत सुटतात.

हे पान बंगळूरमध्ये बसून वाचताना मला नेहमी थांबावे लागते. ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह इथल्या पीण्याच्या शेडमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी रशियातल्या कापुस्तीन यारवरून उडाला. आयआरएस-१ए हा उपग्रहही बंगळूरचाच. तो १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून गेला. त्याची छायाचित्रे आपल्या शेतीच्या आणि पाण्याच्या नकाशांसाठी वापरली गेली. आपला अभिमान रास्त आहे. पण येदिगेईच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला, अग्निबाणाच्या जवळ, आपणही उभे होतो. ऐतमातोव्ह यांनी कादंबरीतला तळ कल्पनेने रचला, तरी कझाक माळावरचा खरा तळ कोणता हे त्यांच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. संघ मोडल्यावर बैकोनूर कझाकस्तानात राहिले. रशियाने १९९४ मध्ये ते भाड्याने घेतले, वर्षाला ११.५ कोटी डॉलर, मुदत आता २०५० पर्यंत. शेजारचे शहर कझाक भूमीवर असून कारभार रशियाचा. येदिगेई आज फाटकावर गेला तर जमीन त्याच्या देशाची असेल, आणि फाटक अजूनही दुसऱ्याचे.

ऐतमातोव्ह यांना बंडखोर ठरवण्याचा मोह इथे टाळला पाहिजे. ते व्यवस्थेतले लेखक होते. १९६३ मध्ये लेनिन पारितोषिक, आणि याच कादंबरीला १९८३ मध्ये सोव्हिएत राज्य पारितोषिक. त्यांचे वडील तोरेकुल १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घालून मारले गेले होते. त्यांचे अवशेष चोन-ताश इथल्या सामूहिक खड्ड्यात सापडले ते १९९१ मध्ये, म्हणजे संघाच्या अखेरच्या वर्षी. दफनभूमी शोधणाऱ्या कादंबरीच्या लेखकाला, ती लिहिताना, आपल्या बापाची कबर माहीत नव्हती. ते सुरुवातीला किरगीझमध्ये लिहीत, साठीच्या दशकाच्या मध्यापासून मुख्यतः रशियनमध्ये. १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या काळात ते लक्झेंबर्गला सोव्हिएत राजदूत झाले. संघ गेला, आणि तेच गृहस्थ तिथेच रशियाचे राजदूत म्हणून राहिले. १९९४ पासून ते किरगिझस्तानचे राजदूत झाले, ब्रसेल्सला. एका माणसाने तीन देशांची ओळखपत्रे सादर केली. २००८ मध्ये ते वारले तेव्हा बिश्केकजवळ आता-बेयीतला, वडिलांच्या शेजारी त्यांना पुरले. कादंबरीतली आना-बेयीत म्हणजे आईची जागा, ही बापाची.

मग त्यांना कोणाचे म्हणायचे? फक्त किरगीझ म्हटले तर रशियन भाषा त्यांच्या हातात कशी वाकली, हे सुटते. रशियन म्हटले तर फाटकच दिसत नाही. हा पेच त्यांच्यापुरता नाही. स्वेतलाना अलेक्सियेविच यांचा जन्म युक्रेनमधला, वडील बेलारूसचे, आई युक्रेनची, भाषा रशियन; २०१५ चे नोबेल घेतलेल्या या लेखिकेला २०२० मध्ये बेलारूस सोडावे लागले. आंद्रेई कुर्कोव्ह युक्रेनी लेखक, पण कादंबऱ्या रशियनमध्ये. ‘ग्रे बीज’ मध्ये दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात राहणारा एक मधमाश्या पाळणारा माणूस त्यांनी उभा केला. हमीद इस्माइलोव्ह उझबेक, उझबेकिस्तानातून बाहेर पडलेले, लंडनला राहणारे. त्यांची ‘द डेड लेक’ ही छोटी कादंबरी पुन्हा कझाक माळावरच्या रेल्वे फाट्यावरच घडते, अणुचाचण्यांच्या पट्ट्याजवळ, आणि तिच्यातला मुलगा विषारी तळ्यात उतरल्यापासून वाढतच नाही. ऐतमातोव्ह यांनी कुंपणाबाहेरून जे पाहिले, ते इस्माइलोव्ह यांनी संघ गेल्यावर आत जाऊन पाहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. त्यांना जोडणारा शब्द ‘रशियन’ नव्हे.

बंगळूरच्या वाचकाला हे अवघड जाऊ नये. धारवाडला द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि ते कन्नडचे महाकवी झाले. त्याच धारवाडला जी. ए. कुलकर्णी यांनी आयुष्य काढले आणि मराठी कथा लिहिली. बेंद्र्यांना महाराष्ट्राचे किंवा जीएंना कर्नाटक सरकारचे लेखक म्हटलेले कोणाला रुचेल? भाषा एका राज्याची मालमत्ता नसते, हे आपण घरच्या अनुभवाने जाणतो. तेच ज्ञान रशियन भाषेला लावायला मात्र आपण विसरतो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मॉस्कोच्या त्या प्रचंड छापखान्यांशिवाय ऐतमातोव्ह किंवा हमझातोव्ह भारतीय भाषांत आलेच नसते. हिंदीतले ‘मेरा दाग़िस्तान’ कित्येक मराठी वाचकांनी जपून ठेवले आहे. किरगीझमधून वा अवारमधून थेट मराठीत आणणारा अनुवादक तेव्हा नव्हता, आजही सहज मिळणार नाही. मधली भाषा नसती तर दारच नसते. हे ऋण नाकारायचे कारण नाही. पण दार ज्याचे, घरही त्याचेच, असे होत नाही. मराठी कादंबरी इंग्रजीतून जर्मनला पोचली म्हणून तिला कोणी इंग्रजी कादंबरी म्हटले, तर आपण पत्र लिहून निषेध करू. तेवढीच दक्षता दुसऱ्याच्या बाबतीत घ्यायची आहे.

ती घ्यायची म्हणजे काय, तर कामे साधी आहेत. जुने अनुवाद पुन्हा छापताना पुस्तकाच्या आरंभी लेखकाचा देश, मूळ भाषा आणि मधली भाषा अशा तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. ‘रशियन साहित्य’ शिकवताना ऐतमातोव्ह यांना शेवटच्या तासाला परिशिष्टासारखे उरकू नये. फाटकाचा प्रसंग आधी वाचावा आणि टॉलस्टॉयच्या कॉकेशसमधल्या कथा नंतर, म्हणजे त्या कथांतले कुंपणही दिसू लागेल. अण्णाभाऊंचा प्रवास शिकवताना १९६१ चा आणि आजचा असे दोन नकाशे वर्गात लावावेत. पुस्तकाचे नाव बदलायचे नाही, त्याखाली काय काय मावले होते ते दाखवायचे.

याची निकड मला २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणवली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या हजारो घरांतली मुले वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमध्ये होती. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. तीन आठवड्यांनी त्याचे शव बंगळूरच्या विमानतळावर आले. त्या दिवसांत कीव्ह, खार्किव, ल्वीव ही नावे आईबाप तोंडपाठ करत होते. त्याआधी त्यांतल्या अनेकांनी ‘मुलगा रशियाच्या बाजूला शिकतो’ असेच सांगितलेले मी ऐकले आहे. त्या आईबापांना दोष कसा देणार? ज्यांनी पुस्तके वाचली, अनुवाद केले, परीक्षणे लिहिली, त्या आम्ही मंडळींनी तरी त्यांना दुसरा शब्द कुठे दिला होता?

नायमान-आना मुलाला शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगत राहते: त्याच्या बापाचे नाव. ती मेल्यावर तिचा रुमाल पक्षी होतो आणि माळावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो पक्षी तेच विचारत राहतो, तू कोणाचा, तुझे नाव काय. आपल्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांनाही हा प्रश्न एकेकाला वेगळा विचारायला हवा. उत्तरे पंधरा देशांतून येतील, काही दोन देशांतून एकदम येतील, आणि दागेस्तानसारखी काही रशियाच्या पोटातून येतील.